दहा खाली, पाच वर

टक्.

घर झोपेत होतं आणि स्वयंपाकघरात नव्या डबीचं झाकण उघडलं. ही झाकणं लहान मुलांना उघडता येऊ नयेत अशी केलेली असतात. आधी दाबायचं, मग दाबलेलं तसंच ठेवून फिरवायचं. आमच्या पाच वर्षांच्या मुलीला ते आदल्या संध्याकाळी पहिल्या फटक्यात जमलं होतं, म्हणून डबी वरच्या फळीवर गेली. मला मात्र सकाळी बराच वेळ झटापट करावी लागली.

कुजबुजीपेक्षा जरा मोठा आवाज, मी मनात नोंद केली. आवाज मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे ही खोड जात नाही.

"आई, काय घेतेस?" आतल्या खोलीतून प्रश्न आला.

"गोळी. झोप तू."

"कसली?"

"ताकदीची. थकू नये म्हणून."

"मी झोपलेलीच आहे," खारू म्हणाली आणि गप्प झाली. तिचं खरं नाव वेगळं आहे. पण हाताला लागेल ते गालात साठवून ठेवायची सवय असल्यामुळे घरात सगळे तिला खारूच म्हणतात.

गोळ्यांची ही पहिली डबी. तिची वेळ का आली, ते सांगते.

मी कान तपासते. म्हणजे डॉक्टर नाही, डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात तपासणीचं यंत्र चालवते. काचेची खिडकी असलेल्या एका बंद खोक्यात पेशंट बसतो. त्या खोक्याला बूथ म्हणतात. त्याच्या कानावर हेडफोन, हातात एक बटण. मी खिडकीच्या अलीकडे यंत्रापाशी. मी बारीक सूर सोडायचा, त्याला ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, की माझ्याकडे दिवा लागतो. ऐकू आलं तर आवाज दहाने खाली आणायचा. नाही आलं तर पाचने वर न्यायचा. दहा खाली, पाच वर, असं करत करत माणसाला ऐकू येणारा सगळ्यात बारीक आवाज सापडतो. जगात इतकं शहाणं दुसरं काही मी शिकलेले नाही.

मधूनमधून मी काहीच सोडत नाही. नुसती थांबते. तरीही काही जण बटण दाबतात. याला आम्ही खोटा होकार म्हणतो. ही माणसं लबाड नसतात. आपल्याला ऐकू यायला हवं असं त्यांना इतकं मनापासून वाटत असतं, की येतंच.

आता अडचण. बूथमध्ये शांतता असावी लागते, म्हणून माझ्याही खोलीत असते. भिंतींना मऊ अस्तर, जमिनीवर जाजम, दिवा मंद. आणि मी अशी बाई, की रात्री माझी झोप लागते पण टिकत नाही, भोक पडलेल्या बादलीसारखी गळत राहते. कानात तेल घालायला आमच्या दवाखान्यात सक्त मनाई आहे, भिंतीवर तशी पाटीच आहे. मला मात्र घरीही कानात तेल घालून झोपणं जमत नाही. खारूने कूस बदलली, मी जागी. तिने उसासा टाकला, मी जागी. तिने काहीच केलं नाही, तरी मी जागी.

तर असेच एक दिवस मास्तर बूथमध्ये होते. शाळेतून निवृत्त झालेले, ताठ बसणारे गृहस्थ. उजवा कान झाला. डावा सुरू करायचा म्हणून मी हेडफोनची बाजू बदलली, आणि यंत्रावर हात ठेवून बसल्या बसल्या झोपले.

मास्तरांनी वाट पाहिली. शिस्तीचा माणूस, बटण हातात धरून, डोळे मिटून, कान लावून बसले. सूर येईना. बराच वेळ गेला तरी येईना. शेवटी ते स्वतःच दार उघडून बाहेर आले, माझ्याकडे न बघता सरळ घरी गेले आणि बायकोला सांगितलं, "डावा गेला. ठार."

पुढचे दोन दिवस त्यांनी डाव्या बाजूने येणाऱ्या कुणालाही उत्तर दिलं नाही. मग डॉक्टरबाईंचा फोन गेला, तेव्हा तो त्यांनी नेमका डाव्या कानाला लावला आणि सगळा उलगडा झाला.

डॉक्टरबाई रागावत नाहीत. त्या चष्मा पुसतात.

"महिनाअखेरीला मास्तर पुन्हा येतील," त्या चष्मा पुसत म्हणाल्या. "मी तुमच्या शेजारी बसणार आहे. त्या दिवशी पापणी लवली तरी चालेल, मिटलेली चालणार नाही. मिटली, तर तुम्ही काउंटरवर. नंबर द्यायचे, नावं पुकारायची. तिथे आवाज असतो, झोप येत नाही."

काउंटर वाईट नाही. पण बूथ मी शिकले होते. खारू पोटात असताना परीक्षा दिली होती. साऱ्या जगात माझं असं एकच बटण होतं, ते जायला निघालं होतं.

म्हणून डबी.

गोळ्यांचं एक असतं, की एक घरात आली की बाकीच्यांना पत्ता सापडतो. ताकदीची पहिली मी आणली. दुसरी नणंदेने पाठवली, ड जीवनसत्त्वाची, "मला तर पंख फुटले गं वहिनी" अशा निरोपासकट. तिसरी झोपेसाठी मॅग्नेशियमची, ती काउंटरवरच्या बाईंनी सुचवली. मी काउंटरवर येऊ नये असं त्यांनाही वाटत होतं. चौथी जस्ताची. ती का, ते आता आठवत नाही, पण तिची डबी सगळ्यात सुंदर होती.

सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून ही आरास बघायच्या.

"आमच्या वेळी नव्हतं बाई हे झोप न येण्याचं," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला येत होती झोप, आई?"

"यायला वेळ कुठे होता?"

मी प्रयोग रीतसर करायचं ठरवलं. आणि मला एकच रीत येते. ज्या दिवशी तरतरी वाटेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी गोळ्या कमी. नाही वाटली, तर एक वाढवायची. असं करत करत मला चालायला लागणारी सगळ्यात लहान मात्रा सापडायला हवी होती. कानांच्या बाबतीत ही रीत कधी चुकत नाही.

पण कान पोटाला जोडलेले नसतात. मॅग्नेशियम वर नेत गेले, तेव्हा त्याचा परिणाम अगदी निःसंशय दिसला, फक्त तो झोपेवर नव्हता. एक अख्खी सकाळ मी घरातल्या सगळ्यात लहान खोलीत काढली. दाराबाहेरून खारूने विचारलं, "आई, ही पण ताकदीची गोळी आहे?"

औषधांच्या दुकानात गेले. दुकानदार गल्ल्यामागून माझ्या पिशवीतल्या डब्या एकेक करून काढत होता, जादूगार टोपीतून रुमाल काढतो तसा.

"ताई, हे सगळं कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनी."

"डॉक्टर आहेत ना कुणी ओळखीचे?"

"मीच डॉक्टरांकडे कामाला आहे."

"मग रक्त तपासून घ्या की. अंदाजाने काय चाललंय? आणि गोळ्या वर-खाली करायला तो काय रेडिओ आहे?"

तपासलं. ड ठीक. बाकीचंही ठीक. लोह कमी. बरंच कमी. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी लोहाची गोळी लिहून दिली, चहाबरोबर घेऊ नका म्हणाले, बाकीच्या डब्यांवरून हात फिरवला आणि त्या माझ्याकडे परत सरकवल्या.

"आणि गुण कधी येईल?"

"धीराने घ्या. काही महिने."

माझ्याकडे महिनाअखेर होती. त्यामुळे लोह सुरू केलं, आणि मॅग्नेशियमही सोडलं नाही, फक्त एकवर आणलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझ्या काडीला कॅप्सूलचा आकार होता.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तो कमी बोलतो, कारण त्याची गिऱ्हाइकं त्याला भेटतात तेव्हा बहुतेक अडकलेली आणि ओरडत असतात. तो म्हणाला, "झोपेची ती गोळी लागू पडतेय का, हे तुला कसं कळणार? तूच यंत्र, तूच पेशंट."

हे बरोबर होतं. मग आम्ही ठरवलं, की रात्रीची कॅप्सूल तो देईल. काही दिवस खरी, काही दिवस रिकामी करून पीठ भरलेली. कुठल्या दिवशी कुठली, ते मला सांगायचं नाही. सकाळी मी सांगायचं, झोप कशी लागली.

"मला कळेलच," मी म्हटलं. "खोटे होकार ओळखण्यात माझं आयुष्य चाललंय."

आणि कळायला लागलं. पहिल्या सकाळी उठले तीच हलकी होऊन. "खरी होती," मी जाहीर केलं. तो मान डोलावून बूट घालायला लागला. दुसऱ्या सकाळी जरा जड वाटलं. "पीठ." त्याने मान डोलावली. मग लागोपाठ काही रात्री अशा गेल्या, की डोळा उघडला नाही. दवाखान्यातही जागी राहिले. डॉक्टरबाई एकदा दारातून डोकावल्या तेव्हा मी इतके डोळे ताणून बसले होते, की त्यांनीच विचारलं, "काही दुखतंय का?"

महिनाअखेर आली. आदल्या संध्याकाळी जेवताना मी फार खुशीत होते.

"काल रात्रीची नक्की खरी," मी म्हटलं. "एकदासुद्धा जाग आली नाही. आता उद्याची काळजी नाही."

सासूबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यांनी लेकाकडे पाहिलं. लेकाने ताटाकडे पाहिलं.

"अगं, मग उद्या चमचाभर पीठच खाऊन जा," त्या म्हणाल्या. "कॅप्सूलचा खर्च तरी वाचेल."

"म्हणजे?"

"मी पाहिलं ना. इथेच बसून दातकोरणीने भरत होता. मी विचारलं, काय रे हे? तर म्हणाला, प्रयोग. म्हटलं, बायकोला पीठ चारतोस? तर म्हणाला, हो. निदान मळून तरी दे, म्हटलं."

मी नवऱ्याकडे वळले. "काल पीठ होतं?"

त्याने आधी घास गिळला. "सगळंच पीठ होतं."

"सगळं? पहिल्या दिवसापासून?"

"दोन्ही ठेवली असती तर माझाच गोंधळ झाला असता. आणि त्या गोळीने तुझं पोट बिघडत होतं." मग ताटाकडेच बघत, "काही लिफ्टमध्ये दार बंद करायचं बटण असतं ना, ते कशालाच जोडलेलं नसतं. लोक दाबतात. दार आपल्या वेळेनेच बंद होतं. पण त्यांना बरं वाटतं."

"आणि तू ते जोडून देत नाहीस?"

"तक्रार आली तर देतो. अजून कुणी केलेली नाही."

मला राग यायला हवा होता. आधी भीती आली. इतके दिवस मी जिच्या भरवशावर जागी होते, ती गोळी नव्हतीच. उद्या त्या मऊ भिंतींच्या खोलीत माझ्यापाशी काहीही नसणार होतं. पीठसुद्धा नाही, कारण आता मला ठाऊक होतं.

संकट कधी एकटं येत नाही. सकाळी खारूच्या शाळेचा निरोप आला, पाण्याची टाकी फुटली, आज सुट्टी. सासूबाई पहाटेच त्यांच्या बहिणीकडे गेल्या होत्या. नवरा कुठल्याशा इमारतीत, दोन मजल्यांच्या मध्ये. खारूला घेऊन दवाखान्यात गेले.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला.

"मॅडम, ती अजिबात बोलणार नाही."

"कुठे बसणार?"

"टेबलाखाली," खारू म्हणाली. तिने जागा आधीच हेरली होती.

डॉक्टरबाईंनी चष्मा परत घातला, म्हणजे हो. मी टेबलाखाली वाकून सांगितलं, "अगदी गप्प बसायचं. एक शब्द नाही. आत आजोबा आहेत, त्यांना बारीक आवाज ऐकायचेत." तिने गाल फुगवून ओठ मिटले, जणू आवाजच गालात साठवून ठेवला.

मास्तर आले. बूथच्या दारात थांबून त्यांनी मला निरखून पाहिलं.

"आज जागं राहायचा विचार आहे ना, बाई?"

"हो सर."

"नाही, माझ्या वर्गात पोरं झोपायची. ते मी समजू शकतो. पर्यवेक्षक झोपलेला आयुष्यात पहिल्यांदा पाहिला."

ते आत बसले. दार लागलं. दिवा मंद झाला. डॉक्टरबाई माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या, हाताची घडी घालून. मी पहिला सूर सोडला. दिवा लागला. दहा खाली. दिवा लागला. दहा खाली. अंधार. पाच वर.

आणि शांतता चढायला लागली. मला ती ओळखीची आहे. ती पायांकडून येते, कोमट पाण्यासारखी. गुडघ्यांपर्यंत आली, मांडीपर्यंत आली. पापण्यांना कुणीतरी खालून धरून हळूच ओढायला लागलं. उजवा कान संपला. बाजू बदलली. हीच ती जागा.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की टेबलाखालून काहीच ऐकू येत नाहीये.

खुसखुस नाही. नाक ओढणं नाही. बुटांचं घासणं नाही. खारू इतका वेळ इतकी गप्प कधीच नसते. गालात काय आहे तिच्या? येताना तिने डबीचं झाकण उचललं होतं का? मी ते हातातून काढून घेतलं होतं की नुसतं ठेव म्हटलं होतं? माझे डोळे टक्क उघडले. पाठ सरळ झाली. एक कान मास्तरांच्या दिव्यावर, दुसरा टेबलाखाली. डावा पाय हळूच पुढे सरकवला. त्याला काहीतरी उबदार लागलं. त्या उबेने माझा अंगठा धरला. पण आवाज काही आला नाही.

मूल गप्प असलं की आईला झोप येत नाही, हे कुठल्याच डबीवर लिहिलेलं नसतं.

डावा कान मी असा तपासला, की डॉक्टरबाईंनी शेवटी हाताची घडी सोडली. मधे दोनदा मी काही न सोडता नुसती थांबले. मास्तरांनी बटण दाबलं नाही. खात्री नसेल तर हात वर करायचा नाही, हा नियम त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवला होता, स्वतःही पाळला.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "सांगा. ठार?"

"नाही हो सर. डावा चांगला आहे. दोन्हीकडचे थोडे बारीक आवाज गेलेत, वयाने जातात तेवढेच."

"कुठले?"

"पाखरांचे. लहान मुलं हळू बोलतात ते."

त्यांनी विचार केला. "मुलं हळू बोलतात, तेव्हा ते मास्तरला ऐकू जाऊ नये म्हणूनच असतं," ते म्हणाले, आणि टेबलाखालच्या खारूकडे वाकून बघत म्हणाले, "तू कोण?"

खारूने गाल फुगवलेलेच ठेवले. तिला अजून परवानगी मिळाली नव्हती.

"बोल आता," मी म्हटलं. तिने तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. नुसती हवा.

मास्तर गेल्यावर डॉक्टरबाईंनी निकाल दिला. "सकाळचा बूथ तुमचा. दुपारी काउंटर. लोहाचा गुण येईपर्यंत. मग बघू." मग टेबलाखाली पाहत, "हिला पगारावर ठेवता येणार नाही."

अर्धा बूथ. मी तो दोन्ही हातांनी घेतला.

पुढचा पेशंट यायला वेळ होता. खारू खिडकीला नाक लावून उभी होती. "मी आत बसू?"

डॉक्टरबाईंनी मानेनेच होकार दिला. खारूला खुर्चीवर उशी घालून बसवलं, हेडफोन सरळ केले, बटण हातात दिलं. "टुंई वाजलं की दाबायचं. नाही वाजलं तर नाही दाबायचं." तिने मोठ्या माणसासारखी मान डोलावली.

मी सूर सोडला. दिवा लागला. दहा खाली. लागला. आणखी दहा खाली. लागला. इतका बारीक आवाज मलाही ऐकू येत नाही. मी थांबले, काहीच सोडलं नाही, नुसती तिच्याकडे बघत राहिले. काचेपलीकडून तीही माझ्याकडेच बघत होती. दिवा लागला. मी पुन्हा थांबले. पुन्हा लागला.

दार उघडून आत गेले आणि तिच्यासमोर उकिडवी बसले. "खारू, मी आवाज सोडलाच नव्हता. तरी का दाबलंस?"

"तू हसतेस ना, लाल दिवा लागला की."

"पण ऐकू आलं नाही तर दाबायचं नसतं, राणी. मग मला खरं काय ते कळत नाही."

"तू पण करतेस."

"मी काय करते?"

तिने हेडफोन एका कानावरून सरकवला. माझ्याच कामाचा भाग असावा इतक्या गंभीरपणे.

"रात्री. तुझे डोळे मिटलेले असतात. मी जागी असते पण गप्प असते. आणि तू मधेच 'ओ' म्हणतेस. मोठ्याने. मग थोड्या वेळाने परत 'ओ'."

"रोज?"

"रोज. कालपण." तिने बटण माझ्या हातात दिलं आणि माझं बोट उचलून त्यावर ठेवलं. "मी हाक मारलेलीच नसते, आई. मग तू ओ कुणाला देतेस?"